वाचून काढलेली मुखपृष्ठे

पुस्तकाच्या दुकानात ग्राहकाचा हात एखाद्या पुस्तकाकडे का वळतो, याची उत्तरे बहुधा लेखकाच्या नावात किंवा विषयात शोधली जातात. त्या दोहोंच्याही आधी डोळ्यांत भरते ते मुखपृष्ठ, आणि तरीही ते काढणाऱ्याचे नाव श्रेयनामावलीच्या पानावर मुद्रकाच्या पत्त्याशेजारी बारीक टायपात छापले जाते. समीक्षेत मुखपृष्ठाला जागा मिळाली तर ती शेवटच्या ओळीत, तीही एखाद्या विशेषणापुरती. भारतीय ग्रंथनिर्मितीच्या इतिहासात या उपेक्षेला छेद देणारे एक ठळक नाव आहे, मात्र ते सहसा दुसऱ्याच कारणासाठी घेतले जाते. सत्यजित राय यांना जग चित्रपट-दिग्दर्शक म्हणून ओळखते. बंगालीत पुस्तके विकत घेऊन वाचणाऱ्यांच्या कित्येक पिढ्यांना मात्र त्यांची पहिली ओळख पडद्यावर झाली नाही, ती पुठ्ठ्यावर झाली.

राय यांच्या मुखपृष्ठांविषयी लिहिताना त्यांना चित्रपटाची पूर्वतयारी समजण्याची चूक सर्रास होते. ही मुखपृष्ठे स्वतंत्रपणे पाहिली, तर त्यांत एका व्यवसायाचा पूर्ण विचार सापडतो. मजकूर वाचून त्याचे सार एकाच दृश्य कल्पनेत आणायचे, ती कल्पना छापखान्याच्या मर्यादेत बसवायची, आणि अक्षराला चित्राइतकाच मान द्यायचा, असा तो विचार आहे. तो कुठून आला आणि प्रत्यक्षात कसा उतरला, हे पाहण्यासाठी कोलकात्याच्या एका जुन्या छापखान्यापासून सुरुवात करावी लागते.

गारपार रोडचा वारसा

सत्यजित यांचा जन्म २ मे १९२१ रोजी कोलकात्यात, १०० गारपार रोड या घरात झाला. ज्या इमारतीत कुटुंब राहत होते, तिथेच 'यू. राय अँड सन्स' हा छापखानाही चालत असे. आजोबा उपेंद्रकिशोर रायचौधुरी हे बालसाहित्यकार, चित्रकार आणि वादक तर होतेच, पण मुद्रणाच्या इतिहासात त्यांची नोंद हाफटोन तंत्राचे अभ्यासक म्हणून आहे. छायाचित्रातील किंवा रंगचित्रातील गडद-फिकट छटा शाईने थेट छापता येत नाहीत, कारण छापखान्याची शाई एक तर कागदावर लागते किंवा लागत नाही. अर्धवट लागणे तिला ठाऊक नसते. म्हणून मूळ चित्राचे छायाचित्र बारीक जाळीतून घेतात. त्यामुळे चित्र लहानमोठ्या ठिपक्यांत विभागले जाते, मोठे ठिपके गडद दिसतात, लहान फिकट दिसतात, आणि डोळा त्यांतून छटा जुळवून घेतो. उपेंद्रकिशोरांनी या जाळीच्या गणितावर स्वतंत्र प्रयोग केले आणि इंग्लंडमध्ये निघणाऱ्या 'पेनरोज' या मुद्रणविषयक वार्षिकात त्यावर लेख लिहिले. वडील सुकुमार राय यांनीही लंडन व मँचेस्टर येथे मुद्रणतंत्राचे शिक्षण घेतले. १९१३ साली सुरू झालेले 'संदेश' हे मुलांचे मासिक याच छापखान्यातून निघे.

सुकुमार १९२३ साली वारले तेव्हा सत्यजित अवघे अडीच वर्षांचे होते, आणि पुढे काही वर्षांतच छापखाना बुडाला, घरही गेले. आई सुप्रभा मुलाला घेऊन भवानीपूरला भावाकडे राहायला गेली. तरीही छापखान्याचा संस्कार पुसला गेला नाही. बालपणीच्या आठवणींत राय यांनी टर्पेंटाइनच्या वासाचा उल्लेख केला आहे. तो वास आला की ठसे तयार करण्याचा विभाग त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राही. वारशाने त्यांना मालमत्ता मिळाली नाही. चित्र कागदावर पोचेपर्यंत मध्ये किती हात आणि किती यंत्रे असतात याची जाण मिळाली, आणि मुखपृष्ठकाराला हीच जाण सर्वांत आधी लागते.

शांतिनिकेतन, अजिंठा, वेरूळ

प्रेसिडेन्सी कॉलेजातून अर्थशास्त्राची पदवी घेतल्यावर राय १९४० साली शांतिनिकेतनच्या कलाभवनात दाखल झाले, ते बरेचसे आईच्या आग्रहामुळे. तेथे नंदलाल बोस आणि विनोदबिहारी मुखोपाध्याय यांच्या हाताखाली ते जे शिकले, त्याचा मुखपृष्ठाशी थेट संबंध आहे. चिनी-जपानी परंपरेत चित्र आणि लेखन एकाच कुंचल्याने होते, आणि दोहोंची पारख एकाच कसोटीवर, म्हणजे फटकाऱ्याच्या जोमावर केली जाते. बंगालच्या अंगणातील आल्पना, म्हणजे तांदळाच्या पिठाची रांगोळी, पट-चित्रे, कांथ्यावरचे भरतकाम ही लोककलेची सामग्रीही शांतिनिकेतनात शिक्षणाचा भाग होती.

याच काळात सहाध्यायांबरोबर त्यांनी अजिंठा, वेरूळ, घारापुरी, सांची, खजुराहो अशी लेण्यांची व शिल्पांची यात्रा केली. भारतीय कलेबद्दलची त्यांची दृष्टी या प्रवासात बदलली, असे चरित्रकार सांगतात. वेरूळ त्यांच्या मनात किती घर करून राहिले हे पुढे तीसेक वर्षांनी दिसले. फेलूदा या त्यांच्या गुप्तहेराच्या एका कादंबरीचे कथानक कैलास लेण्याभोवतीच फिरते, आणि त्या पुस्तकाचे मुखपृष्ठही त्यांनीच केले.

अभ्यासक्रम पूर्ण न करता राय यांनी १९४२ च्या अखेरीस शांतिनिकेतन सोडले. चित्रकार होण्याइतकी प्रतिभा आपल्यापाशी नाही आणि उपयोजित कलेत मात्र करण्याजोगे पुष्कळ आहे, हा निष्कर्ष त्यांनी स्वतःच काढला होता.

कीमरची नोकरी आणि सिग्नेटचे मोकळे रान

एप्रिल १९४३ मध्ये डी. जे. कीमर या ब्रिटिश जाहिरातसंस्थेच्या कोलकाता कार्यालयात ते महिना ८० रुपयांवर कनिष्ठ व्हिज्युअलायझर म्हणून लागले. व्हिज्युअलायझर म्हणजे जाहिरातीतील चित्र, मजकूर व मोकळी जागा यांची मांडणी कल्पून देणारा चित्रकार. कीमरमध्ये त्या वेळी अन्नदा मुन्शी होते. साबण, चहा, तेल यांच्या जाहिरातींतून विलायती चेहरामोहरा काढून तेथे देशी रेषा आणि देशी अलंकरण आणण्याचे काम त्यांनी चालवले होते. नवशिक्या चित्रकाराला यापेक्षा चांगली शाळा मिळणे कठीण होते.

याच कार्यालयात वरच्या पदावर दिलीपकुमार गुप्त होते, ज्यांना सारे कोलकाता 'डी. के.' म्हणून ओळखे. त्यांनी १९४३ साली सिग्नेट प्रेस ही प्रकाशनसंस्था काढली. वर्ष लक्षात घेण्याजोगे आहे: बंगालमध्ये भीषण दुष्काळ, डोक्यावर महायुद्ध, कागदाची टंचाई. अशा दिवसांत उत्तम कागद, नेटका टाइप, प्रशस्त समास आणि विचारपूर्वक केलेले मुखपृष्ठ यांचा आग्रह धरणारा प्रकाशक उभा राहिला, ही बंगाली वाचकाचे भाग्य उजळणारी घटना होती. त्यापूर्वीच्या बंगाली पुस्तकांना चांगली मुखपृष्ठे नव्हती असे नव्हे, पण पुस्तकाचे सबंध रूप एकाच नजरेखालून जावे, ही शिस्त सिग्नेटने व्यवसायात रुजवली. मुखपृष्ठांच्या बाबतीत डी. के. यांनी राय यांना पूर्ण मोकळीक दिली. मुखपृष्ठकाराच्या यशात प्रकाशकाचा वाटा किती असतो, हे या जोडीकडे पाहून कळते. वेगळी कल्पना सुचणे ही एक गोष्ट, आणि ती विक्रीच्या धास्तीने कापून न टाकणारा प्रकाशक भेटणे ही दुसरी. पहिलीपेक्षा दुसरी अधिक दुर्मीळ आहे.

सिग्नेटच्या यादीत जवाहरलाल नेहरूंचा १९४६ सालचा भारतशोधाचा ग्रंथ होता, अवनींद्रनाथ ठाकुरांच्या बालकथा होत्या, सुकुमार राय यांची पुस्तके होती, आणि जीवनानंद दास, विष्णू दे, सुधींद्रनाथ दत्त अशा आधुनिक कवींचे संग्रह होते. कवितेच्या पुस्तकाला त्या काळी साधे अक्षरी वेष्टन पुरे मानले जाई. जीवनानंदांच्या 'वनलता सेन'च्या सिग्नेट आवृत्तीवर राय यांनी स्त्रीचा चेहरा आणला, आणि ती कविता वाचणाऱ्या अनेकांच्या मनात तो कायमचा बसला. कवितेतील अमूर्त स्त्रीला चेहरा द्यावा की नाही, याबद्दल मतभेद होऊ शकतो, आणि तो असणे योग्यही आहे. पण मुखपृष्ठ वाचनात किती खोलवर शिरते याचा हा पुरावाच म्हणावा लागेल.

जस्ताचा ठसा आणि रंगांचा हिशेब

राय यांच्या मुखपृष्ठांतील ठाम रेषा आणि सपाट रंग ही केवळ आवड नव्हती. खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या, छपाईत चित्र छापायचे तर त्याचा ठसा, म्हणजे ब्लॉक, करावा लागे. पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने काढलेल्या चित्राचे मोठ्या प्रोसेस कॅमेऱ्याने छायाचित्र घ्यायचे, प्रकाशाला संवेदनशील असा लेप दिलेल्या जस्ताच्या पत्र्यावर त्याची निगेटिव्ह ठेवून प्रकाश द्यायचा, जिथे रेषा आहे तिथला लेप घट्ट होतो, बाकीचा धुऊन जातो, आणि मग पत्रा नायट्रिक आम्लात ठेवला की उघडा पडलेला धातू झिजून रेषा उंच उभी राहते. हा पत्रा लाकडी ठोकळ्यावर खिळ्यांच्या उंचीइतका बसवला की अक्षरांच्या शेजारी तो यंत्रावर चढतो. याला लाइन ब्लॉक म्हणत. छटा हव्या असतील तर हाफटोन ब्लॉक करावा लागे. तो महाग, आणि त्याला गुळगुळीत आर्ट पेपर लागे, नाहीतर ठिपके शाईने बुजून चित्राचा चिखल होई.

शिवाय प्रत्येक रंगाला वेगळा ब्लॉक लागतो आणि कागद प्रत्येक रंगासाठी पुन्हा यंत्रातून जातो. दोन खेपांत कागद केसभर सरकला तरी ओठांचा रंग गालावर उतरतो. तेव्हा तीन रंग म्हणजे तीन ब्लॉक, तीन खेपा, आणि नासाडीची तिप्पट धास्ती. हा हिशेब ठाऊक असलेला चित्रकार दोन रंगांत तीन मिळवतो. जिथे दोन शाया एकमेकींवर पडतात तिथे तिसरी छटा आपोआप उमटते, आणि कागदाचा मूळ रंग हा न छापताच मिळालेला आणखी एक रंग असतो. राय यांच्या या काळातील कामात मोकळ्या कागदाचा असा वापर वारंवार आढळतो. जी रेषा जस्तातून तशीच्या तशी उतरेल, ती कुंचल्याची जाड, खात्रीची रेषा. शांतिनिकेतनात शिकलेला फटकारा आणि ठसेवाल्याची गरज यांची गाठ इथे पडली.

'पथेर पांचाली' या कादंबरीच्या मुलांसाठी संक्षिप्त केलेल्या आवृत्तीत ही गाठ स्पष्ट दिसते. 'आम आँटिर भेंपू', म्हणजे आंब्याच्या कोयीची पिपाणी, या नावाने सिग्नेटने काढलेल्या त्या पुस्तकातील राय यांची चित्रे लाकडी ठशांसारखी, काळ्या-पांढऱ्याच्या थेट विरोधावर उभी आहेत.

दोन मुखपृष्ठे, जवळून

जिम कॉर्बेट यांच्या कुमाऊँच्या नरभक्षक वाघांवरील पुस्तकाचा बंगाली अनुवाद सिग्नेटने काढला. शिकारकथेचे मुखपृष्ठ म्हटले की झेप घेणारा वाघ, नेम धरलेला शिकारी, मागे जंगल, ही मांडणी कुणाच्याही हातून सहज झाली असती. राय यांनी वाघ काढलाच नाही. समोरच्या पुठ्ठ्यापासून कण्यावरून मागच्या पुठ्ठ्यापर्यंत त्यांनी वाघाचे पट्टेदार कातडे पसरवले, आणि त्याला गोळीचे भोक पाडले. पुढच्या बाजूला गोळी आत शिरल्याचे भोक आहे, मागच्या बाजूला ती बाहेर पडल्याचे. आत शिरतानाची जखम लहान असते आणि बाहेर पडतानाची मोठी, हा शिकाऱ्यांना ठाऊक असलेला तपशीलही त्यांनी पाळला. कातड्यातील त्या मोकळ्या जागांत अक्षरे बसली.

या कल्पनेचा पल्ला पाहण्यासारखा आहे. पुस्तकाला जाडी असते, कणा असतो, पुढची व मागची बाजू असते, आणि वाचक ते हातात घेऊन उलटतो, या साध्या भौतिक गोष्टींतून कथा उभी केली आहे. पुस्तक उलटले की गोळी आरपार गेलेली कळते. गोळीच्या वाटेवर असलेली सगळी पाने म्हणजे तो वाघ. एकही प्राणी न काढता यापेक्षा नेमकी शिकार दाखवणे अवघड आहे.

दुसरे मुखपृष्ठ याच्या अगदी उलट स्वभावाचे आहे. अचिंत्यकुमार सेनगुप्त यांनी रामकृष्ण परमहंसांचे चरित्र 'परमपुरुष श्रीश्रीरामकृष्ण' या नावाने लिहिले, आणि त्याचे पहिले खंड १९५० नंतरच्या काही वर्षांत सिग्नेटने प्रसिद्ध केले. इथे परमहंसांची समाधिस्थ मुद्रा घराघरांत टांगलेली होती, ती मुखपृष्ठावर आणणे सोपे आणि विक्रीला सोयीचेही होते. राय यांनी तीही आणली नाही. त्यांनी सबंध वेष्टनच नामावलीसारखे केले. नामावली म्हणजे देवाचे नाव ओळीओळीने ठशांनी छापलेले वस्त्र. महाराष्ट्रात रामनामी म्हणून जे उपरणे पूजेच्या वेळी खांद्यावर घेतात, त्याचेच बंगाली भावंड. पुस्तक हातात घेणारा वाचक जणू ते वस्त्रच हाती घेतो. त्यातही एक सूक्ष्म योग साधला आहे: नामावलीचे कापड मुळात ठशांनीच छापतात आणि मुखपृष्ठही ठशांनीच छापले जाते, म्हणून कापडाची छपाई कागदावर आणताना काहीच खोटे वाटत नाही.

दोन्ही ठिकाणी चित्रकाराने एकच प्रश्न विचारलेला दिसतो: या पुस्तकाला कोणती कातडी असेल? उत्तर शोधण्यासाठी पुस्तक वाचावे लागते. प्रकाशकाकडून चार ओळींचा सारांश घेऊन मुखपृष्ठ करण्याची पद्धत तेव्हाही होती आणि आजही आहे. त्या पद्धतीतून कॉर्बेटचे कातडे निघाले नसते.

तीन अक्षरांचे मासिक

अक्षर हाच राय यांचा खरा जिव्हाळ्याचा विषय होता. बंगाली लिपीला देवनागरीसारखीच डोक्यावरची रेघ असते, तिला बंगालीत मात्रा म्हणतात. ही रेघ शब्दाला बांधून ठेवते आणि चित्रकाराला बांधूनही घालते. राय यांनी ती कधी कुंचल्याच्या ओघात वाकवली, कधी तोडली, कधी अक्षरांना आल्पनेचे, कधी देवळाच्या घडणीचे रूप दिले. पुस्तकाचे नाव वाचण्याआधीच अक्षराच्या वळणावरून पुस्तकाचा स्वभाव कळावा, हा त्यामागचा हेतू.

याचा कळस 'एक्षण' या साहित्यविषयक नियतकालिकात दिसतो. अभिनेते सौमित्र चट्टोपाध्याय आणि निर्माल्य आचार्य यांनी १९६१ साली सुरू केलेल्या या नियतकालिकाची मुखपृष्ठे राय करीत. चित्र नाही, व्यक्ती नाही. नावातील ए, क्ष आणि ण ही तीनच अक्षरे, आणि ती दर अंकाला नव्या रूपात. कधी ती कुंचल्याच्या दोन फटकाऱ्यांत सुटलेली, कधी भूमितीच्या आकृत्यांत बसवलेली, कधी एकमेकांत इतकी गुंतलेली की क्षणभर डोळा थबकावा. अंक वर्षानुवर्षे निघत राहिले आणि तीन अक्षरे संपली नाहीत. लिपीचा इतका दीर्घ रियाज भारतीय नियतकालिकांत फार थोड्यांनी केला असेल.

इंग्रजी लिपीसाठीही त्यांनी 'राय रोमन', 'राय बिझार', 'डॅफनिस', 'हॉलिडे स्क्रिप्ट' हे टाइप आखले. पहिल्या दोहोंना आंतरराष्ट्रीय स्पर्धेत गौरव मिळाला. आजोबांनी सुरू केलेले आणि मध्यंतरी बंद पडलेले 'संदेश' १९६१ साली पुन्हा सुरू झाल्यावर त्याची मुखपृष्ठे आणि आतील चित्रे हे त्यांचे आयुष्यभराचे काम झाले. फेलूदाचा जन्म १९६५ साली त्याच मासिकात झाला.

पुठ्ठ्यावरून पडद्यावर

'आम आँटिर भेंपू'ची चित्रे चालू असताना या कथेवर चांगला चित्रपट होईल, असे डी. के. यांनी राय यांना सुचवले होते. १९५० साली कीमरने त्यांना लंडनला पाठवले, तेथे त्यांनी सुमारे शंभर चित्रपट पाहिले, आणि परतीच्या बोटीवर 'पथेर पांचाली'चा आराखडा आकाराला आला. त्या चित्रपटासाठी रीतसर पटकथेऐवजी त्यांनी शाईच्या धावत्या चित्रांची वही केली आणि तीच निर्मात्यांना दाखवत ते फिरले. १९५५ साली चित्रपट आला, त्यानंतर नोकरी सुटली. मुखपृष्ठे सुटली नाहीत. लाल खेरव्याच्या कापडात बांधलेल्या, दुकानदारांच्या चोपडीसारख्या वह्यांत, ज्यांना बंगालीत खेरोर खाता म्हणतात, संवादांच्या शेजारी वेशभूषेची टिपणे, चेहरे आणि शीर्षकाच्या अक्षरांचे कच्चे नमुने दाटीवाटीने बसलेले असत. चित्रपटांची पोस्टरे आणि श्रेयनामावलीही ते स्वतः करीत. चित्रपटाने त्यांच्या मुखपृष्ठांना झाकोळले हे खरे, पण मुखपृष्ठांनी चित्रपटाला काय दिले, हे त्यांच्या पोस्टरांतील एकेका अक्षरात वाचता येते.

मागे राहिलेले वळण

कॉलेज स्ट्रीटच्या बोईपाड्यात, म्हणजे पुस्तकवाल्यांच्या वस्तीत, पदपथालगतच्या फळीवजा दुकानांत पुस्तके कण्याकडून रचलेली असतात, त्यामुळे तेथे चित्राआधी अक्षरच दिसते. बंगाली पुस्तकाच्या कण्यावर हाताने घडवलेले शीर्षक असण्याची सवय राय यांच्या पिढीने पक्की केली. त्यांच्या बरोबरीने व मागोमाग पूर्णेंदु पत्री, खालेद चौधुरी यांच्यासारख्यांनी आपापली वळणे घडवली, आणि सीमेपलीकडे ढाक्यात कय्यूम चौधुरी यांनी अक्षरप्रधान मुखपृष्ठांची परंपरा उभी केली. या सर्वांना राय यांचे अनुयायी म्हणणे अन्यायाचे ठरेल. मुखपृष्ठ हे गंभीर चित्रकाराने करण्याजोगे काम आहे, ही प्रतिष्ठा मात्र त्यांना आयती मिळाली.

मराठीत त्याच वर्षांत दीनानाथ दलाल हे काम वेगळ्या अंगाने करीत होते. मडगावहून मुंबईला आलेल्या दलालांनी १९४५ साली 'दीपावली' वार्षिक सुरू केले, आणि मराठी मुखपृष्ठाला मानवाकृतीचा डौल आणि रंगांची श्रीमंती दिली. एका बाजूला छटांनी भरलेली आकृती, दुसऱ्या बाजूला मोकळ्या कागदावरचे अक्षर. हे दोन मार्ग शेजारी ठेवून अभ्यासले, तर भारतीय भाषांतील ग्रंथसजावटीचे चित्र बरेच पूर्ण होईल. तसा अभ्यास व्हायला हवा.

राय यांची एक घडण मात्र मराठी साहित्यिकांच्या थेट हाती पोचली. साहित्य अकादमी पुरस्कारासोबत दिला जाणारा ताम्रपट राय यांनी आखला आहे. १९५५ साली 'वैदिक संस्कृतीचा विकास' या ग्रंथासाठी तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांना मराठीतील पहिला अकादमी पुरस्कार मिळाला, आणि पुढे मराठीतील पुरस्कृत लेखकांच्या बैठकीच्या खोल्यांत कोलकात्याच्या या मुखपृष्ठकाराचे काम पोचत आले. फेलूदाच्या कथाही अशोक जैन यांच्या अनुवादांतून मराठी मुलांपर्यंत आल्या आहेत.

सिग्नेटची मूळ संस्था पुढे क्षीण झाली, आणि आज ते नाव आनंद पब्लिशर्सच्या छत्राखाली चालते. राय यांची काही मुखपृष्ठे नव्या आवृत्त्यांवर अजून छापली जातात, आता ऑफसेटवर, जिथे रंगांच्या संख्येची चिंता उरलेली नाही. अडचण दुसरीच आहे. खिळ्यांच्या काळात ठसा झाला की मूळ चित्राला किंमत उरत नसे, आणि कितीतरी चित्रकारांची मूळ चित्रे ठसेवाल्यांच्या व छापखान्यांच्या अडगळीत नाहीशी झाली. म्हणून जुन्या छापील प्रती हाच आता आधार आहे, आणि ग्रंथालये नेमकी वेष्टने काढून टाकून पुस्तकांना कापडी बांधणी करतात. जे उरले आहे त्याची संकलने निघतात, तेव्हा बहुतेक वेळा पुढची बाजू तेवढी छापली जाते. पडद्यावर पुस्तक विकत घेणाऱ्यालाही तेवढीच दिसते. कॉर्बेटच्या पुस्तकावरचे दुसरे भोक अशा संकलनात येतच नाही. ही वेष्टने कण्यासकट, मलपृष्ठासकट, पूर्ण उलगडून आणि मूळ आकारात छापणारा ग्रंथ बंगालीत किंवा कोणत्याही भारतीय भाषेत काढायचा, तर जुन्या प्रती जपून ठेवलेल्या घरांची आणि लहान वाचनालयांची दारे आताच ठोठावली पाहिजेत, कारण तो कागद जुना झाला आहे आणि घडीवर तुटू लागला आहे.